गाभ्याची पोथी कोठे शोधावी?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात एखाद्या ग्रंथाविषयी 'माहिती मिळवा' असे सांगितले, तर विद्यार्थ्याला त्याचा अर्थ साधारणपणे ठाऊक असतो. ग्रंथाची संहिता कोणती, ती कोणत्या प्रतींवरून सिद्ध झाली, पाठभेद कोठे आहेत, संपादक कोण, त्यावर पुढे कोणी काय भाष्य केले, या प्रश्नांची उत्तरे त्याने शोधायची असतात. एखाद्या मार्गदर्शिकेतला सारांश त्याने उतरवून आणला, तर जाणता शिक्षक तो निमूटपणे परत करतो. हीच कसोटी आपण एका अगदी वेगळ्या प्रकारच्या लेखनाला लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते लेखन म्हणजे संशोधनासाठी रचलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल.

साहित्याच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु माझे म्हणणे असे, की गाभा हा माणसांनी लिहिलेला आणि माणसांनी वाचण्याजोगा ग्रंथ असतो. त्याची माहिती मिळवणे हे प्रथमतः पाठचिकित्सेचे काम आहे. यंत्रशास्त्राचे ज्ञान त्यानंतर लागते. हे काम आपल्याकडे करायचे असेल, तर हस्तलिखितांशी झुंजण्याची सवय असलेल्या मराठीच्या अभ्यासकांनी त्यातला आपला वाटा मागून घेतला पाहिजे.

प्रथम गाभा म्हणजे काय ते पाहू. संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालत असतात. प्रोसेसर कोणाला किती क्षण द्यायचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या मालकीचा, एकीने दुसरीच्या हद्दीत पाऊल टाकले तर काय करायचे, हे निर्णय घेणारा मध्यवर्ती भाग म्हणजे गाभा. बाजारात विकायच्या गाभ्याला ग्राहक सांभाळायचे असतात. संशोधनाचा गाभा एखादी कल्पना तपासून पाहण्यासाठी लिहिला जातो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ ते १९९४ या काळात 'माक' नावाचा असा गाभा घडला. गाभ्याने अगदी मोजकी कामे स्वतःकडे ठेवावीत, बाकीची बाहेरच्या आज्ञावल्यांवर सोपवावीत आणि सर्वांनी परस्परांशी निरोपांच्या द्वारे व्यवहार करावा, ही त्यामागची कल्पना होती. अशा आटोपशीर गाभ्याला मायक्रोकर्नल म्हणतात. प्रकल्प संपला, पण माकचे अंश ॲपलच्या संगणकांत आणि फोनमध्ये आजही नांदत आहेत.

सर्वच संशोधन-गाभ्यांच्या नशिबी असे उत्तरायुष्य नसते. प्रबंध मंजूर झाले, अनुदान संपले, माणसे अन्यत्र नोकरीला लागली, की गाभा अनाथ होतो. तो ज्या यंत्रावर चालत असे ते यंत्रही भंगारात जाते. मग मागे राहतात ते परिषदांत वाचलेले शोधनिबंध, एखादे पुस्तक आणि काही माणसांच्या आठवणी. वीस-तीस वर्षांनी कोणी त्याची माहिती शोधू लागला, तर त्याची अवस्था एकोणिसाव्या शतकातल्या पोथीशोधकासारखी होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्याजवळ याचे अगदी घरचे उदाहरण आहे. प्रगत महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेने घातलेल्या बंधनांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. ते मूळचे अकोला जिल्ह्यातले, म्हणजे यवतमाळकरांचे शेजारीच. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळवण्याऐवजी साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घ्यायचे, हे त्यामागचे तत्त्व. ही हकीकत शाळेच्या पाठापर्यंत पोचली आहे, आणि ते योग्यच झाले.

परंतु शेकडो प्रोसेसर तारांनी जोडले म्हणून ते आपोआप एकमेकांशी बोलू लागत नाहीत. प्रत्येक प्रोसेसरपाशी निरोप घेणारा, निरोप देणारा आणि काम वाटून देणारा कोणीतरी लागतो. तेथे भलीमोठी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, तर तिच्याच संसारात बरीचशी स्मृती खर्ची पडते. म्हणून परम मालिकेसाठी सी-डॅकने 'पारस' या नावाने प्रणालीची स्वतंत्र जुळणी केली, आणि त्यात पारस मायक्रोकर्नलही आला. सी-डॅकच्या बंगळूर केंद्रात त्या काळी काम करणारे आणि पुढे मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झालेले राजकुमार बुय्या यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या गाभ्याच्या रचनेवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले आणि ते महाजालावर वाचकांसाठी खुले केले. पारसची माहिती शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

शोधणाऱ्याची पहिली अडचण मात्र नावापासूनच सुरू होते. 'पारस' असा शब्द शोधला की वऱ्हाडातल्या माणसासमोर अकोला जिल्ह्यातले पारस गाव आणि तिथले औष्णिक वीजकेंद्र उभे राहते. त्यापाठोपाठ परीस या अर्थाचा हिंदी शब्द येतो आणि मग त्या नावाच्या असंख्य दुकानांची व कंपन्यांची रांग लागते. मराठीच्या विद्यार्थ्याला ही अडचण नवी नाही. एकाच 'नामदेव' या नाममुद्रेखाली आलेले अभंग कोणकोणाचे, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आहोत. नुसत्या नावाने ग्रंथ सापडत नाही. त्यासोबत काळ, स्थळ, कर्ता आणि संप्रदाय लागतात. येथेही संस्था, यंत्राची मालिका, वर्ष आणि लेखक ही चार अंगे हाती धरली, की वाट मोकळी होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. गाभ्याविषयीची माहिती तीन थरांची असते: वर्णन, संहिता आणि भाष्य. गाभा काय करतो, त्याचे भाग कोणते, ते तसे का योजले, हे सांगणारे लेखन म्हणजे वर्णन. ज्या ओळी यंत्राकडून प्रत्यक्ष पार पाडल्या गेल्या तो सोर्स कोड म्हणजे संहिता. आणि त्या ओळी एकेक घेऊन 'हे असे का लिहिले आहे' याचा उलगडा करणारे लेखन म्हणजे भाष्य. शोधनिबंध आणि रचनेवरची पुस्तके पहिल्या थरात येतात. पारसविषयी वाचकाच्या हाती सहज येते ते याच थरातले. ते मोलाचे आहे. पण ज्ञानेश्वरीचे कितीही सुरेख वर्णन वाचले, तरी ओवी वाचल्याचे फळ त्यातून मिळत नाही. लेखकाने आराखड्यात एक योजले आणि लिहिताना यंत्राच्या हट्टापुढे दुसरेच केले, असे गाभ्यात वारंवार घडते. ती तडजोड संहितेतच दिसते.

तिसऱ्या थराचे, म्हणजे भाष्याचे, सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले, आणि त्याची कथा साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी अशी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम संशोधनाच्या ओघात जन्मली. तिच्या आवृत्त्यांना नावे मिळाली ती तिच्या माहितीपुस्तकाच्या आवृत्त्यांवरून, म्हणजे ग्रंथावरून यंत्रणेची ओळख ठरली. १९७५ मध्ये बाहेर आलेल्या सहाव्या आवृत्तीचा गाभा सुमारे नऊ हजार ओळींचा होता. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी १९७६ च्या सुमारास दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत ओळींना क्रमांक देऊन छापलेली संहिता आणि दुसरीत त्या क्रमांकांच्या आधारे केलेले भाष्य. त्या संहितेत एके ठिकाणी मूळ लेखकांनीच एक टीप लिहून ठेवली आहे, की वाचकाला हे समजेल अशी आमची अपेक्षा नाही. लायन्स यांच्या भाष्याने विद्यार्थ्यांना त्या जागेपर्यंतही नेले.

पुढे १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या परवान्यात अशी अट पडली, की सोर्स कोड वर्गात शिकवता येणार नाही. लायन्स यांची पुस्तिका परवानाधारकांपुरतीच राहिली. मग जे कोणत्याही संप्रदायात घडते ते घडले. प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत, अशा छायाप्रतींतून ती जगभर फिरली. पाचव्या-सहाव्या पिढीची छायाप्रत अंधूक होई, तरी ती जिवापाड जपली जाई. रीतसर पुस्तक म्हणून ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान, शिकवायला गाभाच उरला नाही म्हणून ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स हा नवा गाभा लिहिला. तो वापरता वापरता हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सला आरंभ केला. संहिता वाचायला मिळणे आणि न मिळणे यांचे परिणाम किती दूरवर पोचतात, हे यावरून दिसते.

ही कथा यवतमाळच्या मातीत बसून वाचताना महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून संहिता पुन्हा उभी करावी लागली, असे पंथाची परंपरा सांगते. पाठभेदांचा सारा पसारा तेथून सुरू होतो. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ते जपले गेले खरे, पण शतकानुशतके इतर मराठी वाचकाला ते असून नसल्यासारखे राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इतिहासाचार्य राजवाडे यांच्या प्रयत्नाने त्या लिपीची उकल झाली. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे जुनी हस्तलिखिते धुंडाळली आणि १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्या वाङ्मयाचा पट वाचकांपुढे मांडला. राजधानीपासून दूर असलेल्या एका जिल्ह्याच्या गावी, आजच्यासारखी कोणतीही साधने हाताशी नसताना, हे काम झाले. मराठी गद्याचा आरंभ आपण आज जेथून मोजतो, त्यामागे अशा माणसांचे श्रम आहेत.

सांकेतिक लिपी आणि व्यापारी परवाना यांच्यामागचे हेतू सारखे नव्हेत, हे उघड आहे. पंथाला श्रद्धेचे रक्षण करायचे होते, तर कंपनीला मालकीचे. वाचकाच्या बाजूने मात्र परिणाम सारखाच होतो. ग्रंथ आहे अशी ख्याती ऐकू येते, त्याची वर्णने मिळतात, आणि संहिता दाराआड राहते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की जुन्या गाभ्याची संहिता आज कोणाच्या उपयोगाची? ते यंत्र गेले, त्या गरजा गेल्या. या आक्षेपाला उत्तर वस्तुस्थितीनेच दिले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने यूनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर 'एक्सव्ही६' नावाचा छोटा गाभा नव्या यंत्रांसाठी पुन्हा लिहिला, आणि मुंबईच्या आयआयटीसह अनेक ठिकाणी तो आज शिकवला जातो. लायन्स ज्या विद्यापीठात शिकवीत, त्याच न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये 'एसईएल४' या मायक्रोकर्नलची संहिता तिच्या विनिर्देशाबरहुकूम आहे, असे गणिती पद्धतीने सिद्ध केले. मूळ संहिता सुमारे ८,७०० ओळींची आणि तिच्या सिद्धतेचे लेखन सुमारे दोन लाख ओळींचे. भगवद्गीतेच्या ७०० श्लोकांवर नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी उभी राहिली, त्या परंपरेतल्या वाचकाला हे प्रमाण चमत्कारिक वाटू नये. ज्या मातीत बारकाईने वाचण्याची सवय पिढीजात टिकली, तेथेच असे काम पिकते, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला प्रश्न विचारला, की क्षणार्धात सफाईदार परिच्छेद समोर येतो, मग शोधायचे कशाला? ज्या विषयावर मूळ लेखन मुबलक आहे, तेथे हे उत्तर पुष्कळदा बरे असते. जेथे मूळ लेखन तुटपुंजे आहे तेथे मात्र धोका संभवतो. पारसविषयी विचारल्यावर माकचे गुण पारसला चिकटवून दिलेले उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने येऊ शकते. मायक्रोकर्नलांचे एक घराणे आहे आणि भावंडांचे चेहरे सारखे असतात. पण आपण एका भावाचे चरित्र दुसऱ्याच्या नावावर खपवले, तर तो इतिहास राहत नाही. उत्तर कोणत्या प्रतीवरून आले, हे विचारण्याची सवय मराठीच्या वर्गात लागते, आणि ती आज पूर्वीपेक्षा अधिक गरजेची आहे.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही कोट्यवधींचा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट संहितेची. सार्वजनिक पैशातून लिहिलेल्या प्रत्येक संशोधन-गाभ्याचा सोर्स कोड, तो निरुपयोगी झाल्यावर तरी, वाचकांसाठी खुला व्हावा असा आग्रह धरला पाहिजे. यूनिक्सच्या जुन्या आवृत्त्या २००२ मध्ये त्यांच्या तत्कालीन मालक कंपनीने मुक्त परवान्याखाली दिल्या आणि त्यामुळे कोणाचेही नुकसान झाले नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हे जगभरचा सोर्स कोड जतन करणारे ग्रंथागार चालते, त्याला युनेस्कोचे सहकार्य आहे. ताम्रपटाला जो न्याय आपण लावतो, तोच सोर्स कोडलाही लावावा.

दुसरी गोष्ट स्मरणाची. नव्वदच्या दशकात ज्यांनी अशा गाभ्यांच्या ओळी लिहिल्या, त्यांतले बरेचजण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत. कोणता निर्णय का घेतला, कोणती चूक सापडायला किती रात्री गेल्या, कोणती कल्पना सोडून द्यावी लागली, हे निबंधांत येत नाही. मौखिक इतिहास नोंदवण्याचे तंत्र आपल्या भाषाविभागांना अवगत आहे. लोकगीतांसाठी आपण ध्वनिमुद्रक घेऊन खेडोपाडी हिंडतो. तसेच एखाद्या मराठी अभियंत्यासमोर जाऊन बसायला काय हरकत आहे? हिराइसा हयात असतानाच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट भाष्याची, आणि ती सर्वस्वी आपल्या हातातली आहे. एक्सव्ही६ची संहिता मुक्त परवान्याची आहे, आकाराने एका लहान कादंबरीएवढी आहे. तिच्यावर ओळीगणिक मराठी भाष्य लिहिता येईल. यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि मराठीचे विभाग चालवणारी कला महाविद्यालयेही आहेत. दोन्हीकडचे चार-चार विद्यार्थी वर्षभर आठवड्यातून एकदा एका टेबलाभोवती बसले, तर हे काम होऊ शकते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ओळीचा अर्थ कळेल. ती मराठीत नेमकी कशी सांगावी, 'प्रोसेस'ला प्रक्रिया म्हणावे की तो शब्द तसाच ठेवावा, कोणती संज्ञा वाचकाला अडवते आणि कोणती वाट दाखवते, हे मराठीचा विद्यार्थी ठरवील. परिभाषा कोशात बसून घडत नाही, ती वाक्यात वापरून घडते. संस्कृतातले तत्त्वज्ञान मराठीत आणताना ज्ञानेश्वरांपुढे हाच प्रश्न होता. आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा प्रत जपणे हे भाष्य करण्याइतकेच मोठे काम आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी महानुभावांच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. या दोन्ही घटनांचा आनंद रास्त आहे. भाषेचे वय सिद्ध करायला जुन्या पोथ्या उपयोगी पडल्या. तिचे पुढचे आयुष्य मात्र आज लिहिल्या जाणाऱ्या कोणत्या लेखनाला आपण वाचण्याजोगे मानतो, यावर अवलंबून राहील. आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या यंत्राच्या गाभ्याविषयी मराठीत वाचायला काय मिळते, असे उद्या पुसदच्या किंवा वणीच्या एखाद्या मुलीने विचारले, तर तिच्या हाती निदान एक चांगली भाष्यपुस्तिका, दोन मुलाखती आणि संहिता कोठे ठेवली आहे त्याचा पत्ता देता आला पाहिजे. हे काम सुरू करायला येते शैक्षणिक वर्ष पुरेसे आहे.